पॅटर्न शॉपचा जुना पीसी: रिअल-टाइम कर्नलच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्याभोवती घडवतात तो नमुना) करून देणारं शॉप. यंत्र म्हणजे लाकूड कोरणारं तीन अक्षांचं राउटर, तिन्ही अक्षांवर स्टेपर मोटर (विजेच्या प्रत्येक पल्सला एक पाऊल फिरणाऱ्या) आणि ५ मिमी लीडचे, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारे, बॉलस्क्रू. ते चालवणारा पीसी भिंतीलगतच्या लोखंडी कपाटात आहे: कोअर टू ड्युओ ई७५००, जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, एक लहान रेडिऑन एचडी ५४५० ग्राफिक्स कार्ड. ऑनबोर्ड लॅन पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा गेलं, त्याच्या जागी आरटीएल ८१३९ चं पीसीआय कार्ड आलंय. मोटरच्या ड्राइव्हना पल्स जातात त्या बोर्डावरच्या पॅरलल पोर्टमधून (पूर्वी प्रिंटर जोडायचे तो).

आजवर यावर उबुंटू १०.०४ होतं, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) २.६.३२, त्याला रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या क्षणी काम करणारा, बनवणारा आरटीएआयचा पॅच मारलेला, आणि वर यंत्र चालवणारं ईएमसी२, म्हणजे आजचं लिनक्ससीएनसी. डिस्क आता टकटक करायला लागलीय. डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कवरून माहिती वाचवणारं साधन) तिची प्रतिमा काढली, थोडे सेक्टर गेले, पण यंत्राच्या सेटिंगच्या आयएनआय आणि एचएएल फाइली शाबूत मिळाल्या. महत्त्वाचं तेवढंच होतं.

जुनंच सगळं नव्या एसएसडीवर ओतून मोकळं होता आलं असतं. आरटीएआयची वेळ पाळण्याची ताकद आजही वाखाणण्यासारखी आहे. अडचण नेटवर्कची. डिझाइनच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, आणि २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची पद्धत) पहिली आवृत्ती बंदच असते. २.६.३२ ला नेमकी तेवढीच येते. त्यामुळे फाइली पेनड्राइव्हवरून, आणि पेनड्राइव्ह लाकडाच्या भुशात. शॉपचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचं म्हणणं सरळ आहे: "महिनाअखेरपर्यंत बघ भावा. नाय झालं तर नवं घेऊ, पर यंत्र थांबाय नको." नवं म्हणजे नुसता पीसी नव्हे. हल्लीच्या बोर्डांवर पॅरलल पोर्ट सहसा नसतो, म्हणजे पल्स काढणारं इथरनेट कार्ड आलं, नवं वायरिंग आलं. खर्च पीसीपेक्षा तिथेच जास्त.

५ जानेवारी

कपाट उघडून आधी साफसफाई. हीटसिंकच्या पात्यांत भुसा आणि तेलकट धूळ मिळून वाळल्यासारखा थर झालेला. थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. पेस्ट बदलली. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कापतो, कर्नल फक्त तसं लॉगमध्ये लिहितो, आणि मग आपण कर्नलला दोष देत बसतो. व्होल्टेज रेग्युलेटरजवळच्या दोन कॅपॅसिटरांची डोकी किंचित फुगल्यासारखी वाटतात. फोटो काढून ठेवला. अजून गळती नाही.

डेबियन १२ टाकलं, त्याचाच आरटी (रिअल-टाइम) कर्नल ६.१, आणि लिनक्ससीएनसी २.९. बोर्डावरच्या आयसीएच७ चिपच्या या साध्या प्रकारात एएचसीआय (डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) नाही, त्यामुळे एसएसडी जुन्या आयडीई पद्धतीनेच चालते. इथे कुणाला घाई नाही. जुनी आयएनआय फाइल नव्या रचनेत आपोआप बदलून मिळाली, एचएएलमध्ये दोन-तीन नावं हाताने दुरुस्त केली.

मग लेटन्सी टेस्ट, म्हणजे ठरल्या वेळेला किती उशीर होतो याची चाचणी, लावली. पल्स सोडणारा बेस थ्रेड दर २५ मायक्रोसेकंदांनी, हालचालीचा हिशेब करणारा सर्व्हो थ्रेड दर १ मिलिसेकंदाने. ग्राफिक्सवर भार टाकणाऱ्या ग्लेक्सगिअर्सच्या खिडक्या उघडल्या, मोठी फाइल कॉपी करायला लावली, माउसने खिडक्या ओढल्या. बेस थ्रेडचा कमाल जिटर (वेळेतली चूक) १,८७,००० नॅनोसेकंद. म्हणजे १८७ मायक्रोसेकंद.

याचा यंत्राच्या भाषेत अर्थ असा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, ड्राइव्हवर आठचं मायक्रोस्टेपिंग, म्हणजे १,६०० पल्स. ५ मिमी लीडला भागलं की दर मिलिमीटरला ३२० पल्स. हा पल्स सॉफ्टवेअरने वेळेवर सोडायचा. १८७ चा जिटर सांभाळायचा तर बेस पीरियड, म्हणजे बेस थ्रेडच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, २०० मायक्रोसेकंदांपर्यंत न्यावा लागतो, मग सेकंदाला जास्तीत जास्त ५,००० पल्स, म्हणजे मिनिटाला साधारण ९४० मिमी. त्या फीडला सागवान कापलं जात नाही, घासलं जातं. कटर तापतो आणि लाकूड काळं पडतं. लिनक्ससीएनसीच्या माहितीपुस्तकाचा हिशेब असा की १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, ३० ते ५० ला चालवून घेता येतं, १०० च्या पुढे सॉफ्टवेअर स्टेपिंगचा नाद सोडावा.

९ जानेवारी

संध्याकाळी फोन: माउस बंद पडला, स्क्रीन चालू आहे. गेलो. कर्नलच्या लॉगमध्ये "आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड", खाली लांबलचक कॉल ट्रेस, आणि शेवटी "डिसेबलिंग आयआरक्यू १६".

म्हणजे आयआरक्यू १६ या लाइनवर इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाका) येत राहिले, आणि लाइनवर नोंद असलेला प्रत्येक ड्रायव्हर "माझा नाही" म्हणत राहिला. असे एक लाखभर झाले की कर्नल ती लाइनच बंद करतो, आणि तिच्यावर बसलेले निर्दोषही त्यात बुडतात. प्रोक-इंटरप्ट्समध्ये, कर्नलच्या इंटरप्टच्या यादीत, पाहिलं: १६ वर यूएसबीचा एक कंट्रोलर आणि ८१३९ चं लॅन कार्ड एकत्र. माउस त्याच यूएसबीवर. लॉगमध्ये उपायही छापून येतो, आयआरक्यूपोल लावून बूट करा. साध्या टेबलावरच्या पीसीला तो ठीक आहे. इथे नाही, कारण आयआरक्यूपोल म्हणजे एखादा इंटरप्ट कुणी आपला म्हटला नाही की, आणि टायमरच्या प्रत्येक इंटरप्टलाही, सगळ्यांचीच दारं वाजवायची. वेळेसाठी जीव टाकणाऱ्या यंत्राला ते विष.

लॅन कार्ड काढून शेजारच्या पीसीआय स्लॉटमध्ये घातलं. स्लॉट बदलला की इंटरप्टची लाइन बदलते. कार्ड आता १८ वर एकटं. ऑनबोर्ड ऑडिओ बायोसमधून (बोर्डाचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम) बंद केला, इथे गाणी कोण ऐकणार. मग लॅपटॉपवरून मोठ्या फाइली मुद्दाम ओढत बसलो आणि माउस हलवत राहिलो. १६ पुन्हा रुसला नाही.

११ जानेवारी

आज फक्त मोजमापं. एक विचित्र गोष्ट: पीसी कामात असताना जिटर कमी, नुसता बसून असताना जास्त. ग्लेक्सगिअर्स बंद करून चहाला गेलो आणि परत आलो तर आकडा चढलेला. लोक सहसा उलट धरून चालतात.

याचं नाव सी१ई. दोन्ही कोअर रिकामे झाले की हा प्रोसेसर वेग आणि व्होल्टेज खाली आणतो. उठताना ते परत वर चढवण्यात वेळ जातो. कर्नलला यातलं फारसं दिसत नाही. त्याच्या लेखी प्रोसेसर सी१ या हलक्या झोपेत गेला, एवढंच. सी१ चं सी१ई करायचं की नाही हे बायोसने लावून ठेवलेल्या एका बिटवर ठरतं. म्हणून कर्नलच्या बूट ओळीत प्रोसेसरची कमाल सी-अवस्था १ केली तरी फरक पडला नाही. बायोसमध्ये सी१ई आणि ईआयएसटी (गरजेप्रमाणे वेग बदलण्याची सोय) दोन्ही बंद केल्यावर पडला. कमाल जिटर ९० मायक्रोसेकंदांच्या घरात.

आयडल=पोल हा दुसरा रस्ता होता: प्रोसेसरला झोपूच द्यायचं नाही. तो घेतला नाही. ६५ वॉटचा प्रोसेसर, पत्र्याचं छप्पर, बंद कपाट. एप्रिलमध्ये तो आपोआप वेग कापायला लागेल आणि आपण फिरून तिथेच.

१२ जानेवारी

९० अजून जास्तच. इथून पुढे अंदाजाने बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही, दोष कर्नलच्या वर आहे की खाली ते आधी ठरवायला हवं. त्यासाठी दोन मोजमापं शेजारी ठेवली.

पहिलं सायक्लिकटेस्ट. रिअल-टाइम थ्रेड ठरलेल्या वेळी जागा व्हायला हवा होता आणि झाला कधी, यातला फरक. यात सगळंच येतं: कर्नल, ड्रायव्हर, हार्डवेअर. दुसरं हार्डवेअर लेटन्सी डिटेक्टर, कर्नल ४.९ पासून त्याच्या ट्रेसरमध्ये (आतल्या घडामोडी टिपणारा भाग) असलेलं. ते प्रोसेसर अडवून, इंटरप्ट बंद करून, नुसतं घड्याळ पुन्हा पुन्हा वाचत बसतं. दोन वाचनांमध्ये मोठं भगदाड पडलं तर ती चोरी कर्नलने केलेली असूच शकत नाही, कारण त्या क्षणी त्या कोअरवर कर्नलमधलं दुसरं काहीच चालत नाही. ती बायोसने केली. सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट आला की प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता बायोसच्या कोडमध्ये जातो आणि परत येतो. कर्नलला हे थांबवता येत नाही, कळतही नाही. इंटेलच्या नेहालेम पिढीपासूनच्या प्रोसेसरांत असे इंटरप्ट मोजणारा रजिस्टर असतो. कोअर टू मध्ये नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

निकाल: दोन्हीकडे मोठ्या उशिरांचे ठिपके. सायक्लिकटेस्टमध्ये पुष्कळ, डिटेक्टरमध्ये थोडे. म्हणजे चोर किमान दोन आहेत.

१५ जानेवारी

सायक्लिकटेस्टचं प्रत्येक मोजमाप फाइलीत घेतलं आणि मोठी तेवढी गाळून वेळेसकट मांडली. ठिपके विखुरलेले नव्हते. दर दहा सेकंदांनी एक घोळका. मग थोडी शांतता. पुन्हा घोळका.

इतकी काटेकोर लय दिसली की कुठलातरी टायमर शोधायचा. दहा सेकंदांचा टायमर कर्नलच्या ग्राफिक्स भागात आहे: जोडणी बदलली का हे दर दहा सेकंदांनी तपासणारा. ज्या आउटपुटला केबल लावल्या-काढल्याची खबर आपोआप मिळत नाही, त्यांच्यासाठी रेडिऑनचा ड्रायव्हर तो वापरतो, आणि आपला मॉनिटर जुन्या निळ्या व्हीजीए प्लगवर आहे. तपासणी म्हणजे मॉनिटरची माहिती मंद आयटूसी तारांवरून एकेक बिट करून वाचणं. हे काम साध्या थ्रेडमध्ये चालतं, रिअल-टाइमच्या कितीतरी खालच्या पायरीवर, तरी त्याची झळ वर का पोचते? माझा कयास असा की कार्डाच्या रजिस्टरांशी बोलताना बस अडून राहते, आणि अडलेल्या बसपुढे कुणाचंच प्राधान्य चालत नाही.

कयास बाजूला ठेवून प्रयोग सोपा होता. ग्राफिक्सच्या त्याच भागातला, डीआरएम केएमएस हेल्परचा, पोल हा पॅरामीटर चालू यंत्रावरच बंद करता येतो. केला. घोळके त्याच मिनिटाला थांबले. परत चालू केला, परत आले. परत बंद. बूट ओळीत कायमचं टाकलं. मॉनिटर मध्येच बदलला तर तो ओळखला जाणार नाही, पण कपाटाला कुलूप आहे. कमाल जिटर ४८.

पॅटर्नमेकर मामा मागे उभे होते. स्क्रीनवरचा आलेख बघून म्हणाले, "हे म्हंजे धाव्या मिंटाला कुणीतरी येऊन दार ढकलून बघतंय." सेकंद म्हणायला हवं होतं, बाकी बरोबर.

१८ जानेवारी

आता डिटेक्टरमध्ये दिसणारे. हे कर्नलच्या खालचे, म्हणून उपाय बायोसमध्येच. एकेक गोष्ट बदलायची, दहा मिनिटं डिटेक्टर चालवायचा, लिहायचं, पुढची. हार्डवेअर मॉनिटरचा फॅन कंट्रोल बंद: फरक नाही. फ्लॉपी कंट्रोलर बंद: फरक नाही, तरी बंदच ठेवला. यूएसबी लेगसी सपोर्ट बंद: ठिपके गेले. दहा मायक्रोसेकंदांच्या उंबरठ्यावर एकही नाही.

यूएसबी लेगसी म्हणजे यूएसबीचा कीबोर्ड जुन्या पीएस२ कीबोर्डचं सोंग घेतो, आणि सोंग वठवायला बायोस सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट वापरतो. कर्नल सुरुवातीलाच यूएसबी कंट्रोलर बायोसकडून आपल्या ताब्यात घेतो, त्यामुळे तत्त्वतः हा त्रास पुढे उरायला नको. या बोर्डावर उरला. बोर्डाचा बायोस कुणी कसा लिहिला होता ते आता विचारायला कुणी नाही, आणि नवी आवृत्ती येणं तर लांबच. लेगसी बंद केल्यावर बायोसच्या पडद्यात यूएसबी कीबोर्ड चालत नाही, म्हणून भंगारातून एक पीएस२ कीबोर्ड आणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

१९ जानेवारी

शेवटचा टप्पा कोअर वाटून देण्याचा. बूट ओळीत आयसोल-सीपीयूज १, म्हणजे दुसऱ्या कोअरवर शेड्यूलरने आपणहून काही टाकायचं नाही. लिनक्ससीएनसी आपले रिअल-टाइम थ्रेड शेवटच्या कोअरवरच बांधतं, त्यामुळे वेगळं काही सांगावं लागत नाही. आयआरक्यू अ‍ॅफिनिटी ०, म्हणजे इंटरप्ट पहिल्या कोअरने झेलायचे. आरसीयूची (कर्नलमधली आवराआवर) मागे राहिलेली कामंही पहिल्याकडे.

लेटन्सी टेस्ट, सगळा भार टाकून, जेवणाच्या सुट्टीभर. बेस थ्रेडचा कमाल जिटर १९,४०० नॅनोसेकंद. जुन्या आरटीएआयवर हा आकडा १४ च्या आसपास असायचा असं कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने लिहिलंय. पाच मायक्रोसेकंदांची किंमत देऊन आजचा कर्नल, आजचं नेटवर्क आणि अजून मिळणारे सुरक्षा सुधार मिळत असतील तर सौदा वाईट नाही.

बेस पीरियड ४० मायक्रोसेकंद ठेवला. पल्स त्याच पीरियडमध्ये खाली आणण्याची सोय वापरली की सेकंदाला २५,००० पल्स, म्हणजे कागदावर मिनिटाला ४,६०० मिमीच्या वर. मोटर त्याआधीच दमतात, म्हणून आयएनआयमध्ये ३,००० वर मर्यादा. व्हॉल्व्ह बॉडीच्या पॅटर्नचा अर्धा भाग कापला. सुरुवातीच्या बिंदूवर परत आणून डायल गेज लावला, काटा जिथल्या तिथे. एकही पाऊल चुकलेलं नाही.

२५ जानेवारी

आठवडाभर चाललं, आणि साप्ताहिक सुट्टीनंतर आज सकाळी पडद्यावर "अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले", म्हणजे वेळ चुकल्याचा इशारा. पॅटर्नच्या अंगावर एक बारीक पायरी, नख अडकेल एवढी. लेटन्सी टेस्ट: १०० च्या वर. कर्नल तोच, बूट ओळ तीच, अपडेट काही झालेलं नाही. एपीटीचा (पॅकेज बसवणारं साधन) लॉग कोरा.

डिटेक्टर लावला तर ठिपके हजर. म्हणजे कर्नलच्या खालचं काहीतरी परत आलं. मग बूटचा लॉग पहिल्या ओळीपासून वाचला, आणि आरटीसीच्या (बोर्डावरचं सेलवर चालणारं घड्याळ) ओळीवर थांबलो: सिस्टिमचं घड्याळ २००९ च्या १ जानेवारीला लावलं. पडद्यावरची तारीख तर बरोबरच्या आसपास होती. ती बरोबर दिसते कारण सिस्टिमडी (बाकी सगळं सुरू-बंद करणारं सॉफ्टवेअर) पीसी बंद होतानाची वेळ साठवून ठेवतं, आणि बूट होताना घड्याळ त्याहून मागे दिसलं तर पुढे सरकवून घेतं. नेटवर्कवरची घड्याळं या यंत्राला दिसत नाहीत, त्याला बाहेरचं इंटरनेट मुद्दामच दिलेलं नाही. त्यामुळे बिघाडावर छान पांघरूण पडलं होतं.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मीटरवर १.९ व्होल्ट, नवा ३ च्या वर असतो. रोज रात्री पीसी बंद झाला तरी पॉवर सप्लायला वीज असायची, तिच्यावर बायोसची सेटिंग टिकायची. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मेन स्विच खाली केला जातो. तेवढ्यात सगळं पुसलं गेलं: सी१ई चालू, यूएसबी लेगसी चालू, ऑडिओसुद्धा परत.

नवा सेल. बायोसची सगळी सेटिंग पुन्हा. मेन स्विच बंद करून तासभर थांबलो, चालू केला, आरटीसीच्या ओळीत आजची तारीख. जिटर १९.

अण्णांना सेल दाखवला. "चाळीस रुपयाचं?" म्हणाले. मग हिशेबाच्या वहीत दोन सेल आणखी लिहायला सांगितले.

२७ जानेवारी

बायोसचा प्रत्येक बदललेला पडदा मोबाइलवर टिपून, छापून, कपाटाच्या दारावर चिकटवला. शिवाय बूट होताना चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: आरटीसीचं वर्ष २०२५ च्या आधीचं दिसलं तर लिनक्ससीएनसी सुरूच करायचं नाही, पडद्यावर मराठीत मोठ्या अक्षरात "सेल बघा, बायोस बघा" असं यायचं. सागवानाचा ठोकळा वाया जाण्यापेक्षा यंत्र सकाळी रुसून बसलेलं परवडलं.

वायरिंगमध्येही एक बदल. पीसी चालू होताना बायोस पॅरलल पोर्टच्या पिना मनाला येईल तशा वरखाली करतो, आणि ड्राइव्ह चालू असतील तर मोटर त्या ऐकतात. आता ड्राइव्हचा कॉन्टॅक्टर (त्यांची वीज जोडणारा स्विच) लिनक्ससीएनसी उभं राहिल्यावरच ओढला जातो, चार्ज पंपच्या सिग्नलवर, म्हणजे सॉफ्टवेअर चालू आहे असं सांगत राहणाऱ्या पल्सवर. जुन्या व्यवस्थेत हे नव्हतं आणि मामांना स्विच लावण्याचा क्रम पाठ होता.

१ फेब्रुवारी

परवापासून रोजचं काम सुरू झालंय. फाइली लॅपटॉपवरून थेट येतात. कर्नलचं पॅकेज एपीटीत रोखून ठेवलंय. पुढचा आरटी कर्नल आधी दुसऱ्या एसएसडीवर, लेटन्सी टेस्ट, मगच यावर. रिअल-टाइमचा भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलाय, वेगळा पॅच नको. तो याच बोर्डावर लावून १९ चे किती होतात ते बघायचंय, पण यंत्र रिकामं मिळेल तेव्हा. फुगलेल्या कॅपॅसिटरांच्या जागी १,००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) चार मागवलेत. आल्यावर एका सुट्टीच्या दिवशी बोर्ड बाहेर काढेन.